मुंजाजीच्या हातचा पाइप

मुंजाजी डोळ्यांत का खुपतो, असं विजयमालाबाईंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की खुपत वगैरे काही नाही, माणूस भला आहे, फक्त पाय न धुता ओट्यावर चढतो. खरं म्हणजे मुंजाजी फाटकाजवळच्या नळावर पाय धुऊनच वर येत असे, आणि ते बाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसत असे.

येलदरीला धरणाच्या अलीकडे, जुन्या वसाहतीच्या टोकाला त्यांचं घर आहे. त्यांचे यजमान तात्याराव वीजघरात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर बाकीचे साहेब परभणीला गेले, पुण्याला गेले, हे मात्र इथंच जागा घेऊन राहिले. मुंजाजी वीजघरात त्यांच्या हाताखाली मदतनीस होता. तोही निवृत्त झाला आणि जलाशयाच्या काठावर घर, एक होडी आणि दोन-तीन जाळी एवढ्या संसारात रमला. दिवस कलला की तो साहेबांच्या ओट्यावर येऊन बसे. साहेब वेताच्या खुर्चीत, मुंजाजी पायरीवर. मध्ये एक स्टूल, त्यावर काडेपेटी, राखेची वाटी आणि तंबाखूचा चपटा डबा.

तात्यारावांना दिवसातून एकदा पाइप लागे. नवी नोकरी असताना एका वरच्या साहेबांनी बदलीवर जाताना आपला पाइप त्यांना दिला आणि ओढायचा कसा तेही शिकवलं. तेव्हापासून संध्याकाळचा तो एक पाइप सुटला नाही. तंबाखूचे डबे आता मुलगा ओमप्रकाश पुण्याहून पाठवतो. आईशी फोनवर बोलताना तो दर वेळी म्हणतो, "आई, बाबांना कमी करायला सांग," आणि दर दिवाळीला स्वतःच चार डबे घेऊन येतो.

त्या डब्यातली तंबाखू चुऱ्याची नसते. पानं एकावर एक रचून, दाबून त्यांची वडी केलेली असते आणि ती वडी पातळ कापून पट्ट्या काढलेल्या असतात. आंबापोळीच्या पट्ट्यांसारख्या त्या एकमेकींना चिकटून असतात. झाकण उघडलं की मनुकांचा आणि ओल्या कडब्याचा मिळून एक वास येतो. पट्टी तळहातावर घ्यायची, चोळून मोकळी करायची आणि पाइपच्या वाटीत भरायची. एवढंच काम. पण दोन-तीन वर्षांखाली तात्यारावांच्या हातांना कंप सुरू झाला आणि एवढंच काम त्यांना होईना.

एका संध्याकाळी पट्टी चोळताना निम्मी तंबाखू त्यांच्या मांडीवर सांडली. विजयमालाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्टुलावर कप ठेवला आणि हात पुढं केला.

"आणा इकडं. मी भरून देते."

"राहू दे," तात्याराव म्हणाले. "तुझ्या हाताला वास लागेल. भाकरीला उतरेल." आणि त्यांनी पाइप पायरीकडं धरला. "मुंजाजी, तू बघ बरं."

बाईंचा पुढं केलेला हात मग कपाच्या कानाकडं वळला. कप उगाच थोडा सरकवून त्या आत गेल्या.

विजयमालाबाई वालूरच्या. त्यांच्या वडिलांच्या बैठकीत चिलीम फिरत असे. चुलीतला निखारा चिमट्यात धरून नेऊन द्यायचा, हे लहानपणी त्यांचं काम होतं. पण तो उंबऱ्यापर्यंतच. तिथं कुणीतरी पुरुष उठून निखारा घेई आणि म्हणे, "जा बाळे आत." मग आतून हशा ऐकू येई. कशाचा हशा, ते तिला कधी कळलं नाही. लग्न करून ती इंजिनियरच्या घरी आली, खुर्च्या आल्या, विजेचे पंखे आले, पण तो हशा तसाच भिंतीपलीकडं राहिला.

आणि मुंजाजीच्या हातचा पाइप धड जळतही नव्हता. मुंजाजी जन्माचा चिलीमवाला. चिलमीची तंबाखू ओलसर लागते, अंगठ्यानं ठासावी लागते, आणि ओल्या फडक्याची छापी गुंडाळून दोन्ही मुठींमधून छातीभर ओढावी लागते. मुंजाजीचा अंगठा तेवढंच शिकला होता. तो डब्यातली ओली पट्टी काढून तशीच चुरायचा आणि पाइपात अशी ठासायचा, की तात्यारावांचे गाल आत जात. चार झुरके झाले की पाइप विझे.

"मुंजाजी, विझला."

"विझला का सायब? वारं सुटलंय आज."

"वारं कुठंय? तू ठासलंस."

"मी कशाला ठासू. पेटवा की, काड्या काय मोजून हायेत का."

मग काडी ओढली जाई. तिच्या उजेडात दोघांची डोकी जवळ येत आणि कुठला तरी जुना विषय निघे. कोणत्या साली मशीन बंद पडलं, कोणता ओव्हरसियर रात्रपाळीला पगडी सोडून झोपायचा, कुणाच्या लग्नात वरातीचा घोडा धरणाकडं पळाला. पाइप पुन्हा विझे. पुन्हा काडी. संध्याकाळची अंधारी रात्र होई, तरी एक पाइप संपत नसे.

बाई भाकरी थापत हे ऐकत. चहाचे कप उचलायला त्या बाहेर गेल्या की बोलणं थांबे. तात्याराव म्हणत, "काय गं?" जसं काही कुणी परकं माणूस फाटकात उभं आहे. आणि मुंजाजी गेल्यावर जेवताना हेच तात्याराव बोलत, ते म्हणजे रक्तदाबाची गोळी घेतली का, सिलेंडर सांगितला का, मोटारीचा आवाज वेगळा येतोय का. एकदा बाईंनीच विचारलं, "काय बोलत असता इतकं रोज?"

"काही नाही. आपलं मुंजाजीचं चालू असतं," तात्याराव म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

अशीच एक संध्याकाळ होती. बाई खिडकीखाली मेथी निवडत बसल्या होत्या. बाहेर पाइप दुसऱ्यांदा विझला, काडी ओढली गेली आणि तात्याराव म्हणाले, "मुंजाजी, एक सांगू का. मला आयुष्यभर पाण्याची भीती वाटली."

"म्हाईत हाय की सायब."

"तुला कसं माहीत?"

"धरनावरून चालताना तुमी मला म्हनायचे, मुंजाजी, तू पान्याच्या अंगानं चल. पुरात तर माझा दंडच सोडत नव्हते. काळानिळा व्हायचा. कुसुम इचारायची, कुनी हानलं का तुमाला."

तात्याराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं केरात चालली होती, ते बाईंच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. लग्नानंतर त्या दोघांचा एकच फिरण्याचा रस्ता होता, धरणावरचा. तेव्हा तात्याराव त्यांनाही पाण्याच्या बाजूला घेत. बाईंना वाटायचं, पाणी नीट दिसावं म्हणून. ही एक गोष्ट त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. माहेरी गेल्यावर बहिणींना सांगितली होती. आणि तिचा खरा अर्थ ठाऊक होता तो मुंजाजीला, आणि त्याच्या बायकोला, कुसुमबाईलाही तो ठाऊक असणार.

त्या रात्री त्यांनी ठरवलं, की पाइप आपण भरायचा.

शिकायला फार दिवस लागले नाहीत. कपाटात एक जुना पाइप होता, कडेला तडा गेलेला. तात्याराव दुपारी झोपले, की बाई डब्यातली एखादी पट्टी काढून परसात जात. पहिल्याच दिवशी पट्टी बोटांना चिकटली आणि दोष कुठं आहे ते त्यांना कळलं. ओला पापड फुलत नाही आणि ओली वात जळत नाही, तर ही तरी कशी जळेल? त्या पट्टी कागदावर घालून सावलीत वाळत ठेवू लागल्या. चुरचुरीत होऊ द्यायची नाही, फक्त बोटांना चिकटायची थांबली की उचलायची. मग तळव्यांमध्ये हलकेच चोळून शेवयांसारखी मोकळी करायची. भरताना करंजीचं सारण भरतात तसं तळाशी सैल सोडायचं, वर वर हात जड करत न्यायचा.

पण जळतो की नाही हे कळायला तो ओढून बघणं भाग होतं. नातवंडं झालेली बाई न्हाणीच्या मागं, पाणी तापवायच्या बंबाच्या आडोशाला बसून पाइप ओढत होती. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला डोकं गरगरलं. तिसऱ्या दिवशी मात्र धूर शांत, सारखा येऊ लागला. बाई त्याकडं बघत असतानाच मागच्या दारात कुसुमबाई उभी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी.

बाईंनी पाइप पदराखाली घेतला.

"बंब पेटवलाव का बाईसाब, दुपारचाच?"

"हो. पेटवायलेय."

कुसुमबाईनं पाटी उतरवली, मासळी काढली आणि नाक वर केलं. "वास तर वळखीचा यायलाय. आमच्या ह्यांच्या सदऱ्याला येतो, तसला."

"बंबात काहीबाही घालते मी. किती दिली मासळी?"

"हाय तेवढी घ्या. अन् पदर बघा बाईसाब, धूर निघायलाय."

कुसुमबाई हसली नाही. पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. बाईंना तिनं हसलेलं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी नळावर पाय धूत होता, तेव्हा बाई फाटकाशी गेल्या. मनाशी वाक्य घोळवून ठेवलं होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मुंजाजी, तुझ्या हातचा पाइप सारखा विझतो म्हणतात साहेब. काड्या वाया जातात."

मुंजाजीनं नळ बंद केला. "सायब म्हनले?"

"रोजच म्हणतात."

"व्हय. म्हनतात खरं." तो आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. अंगठ्याचं नख तंबाखूनं तपकिरी झालेलं होतं. मग त्यानं चपला पायात सरकवल्या. "बरं. मग आज जाळं बघतो मी. सायबाला सांगा."

एवढंच. तो भांडला नाही, ओट्याकडं वळूनही पाहिलं नाही. बाई फाटक लावून भराभर ओट्याकडं आल्या.

"मुंजाजी आला नाही अजून?" तात्यारावांनी विचारलं.

"जाळ्याचं काम आहे म्हणाला." बाईंनी स्टूल पुढं ओढलं, वाळलेली पट्टी काढली, चोळली, भरली. तात्याराव त्यांच्या बोटांकडं बघत होते. ते काही बोलायच्या आत बाईंनी पाइप त्यांच्या ओठांत दिला आणि काडी ओढली.

पाइप पेटला आणि पेटलेलाच राहिला. तात्यारावांचे गाल आत गेले नाहीत. निळसर धूर एका लयीत निघत राहिला. बाई पायरीवर न बसता दुसरी खुर्ची आणून शेजारी बसल्या होत्या. पाइप एकदाही न विझता तळापर्यंत गेला आणि खाली पांढरी राख उरली.

"छान भरलास," तात्याराव म्हणाले. त्यांनी पाइप राखेच्या वाटीत झटकला, उठले, आणि बातम्या लावल्या.

बाहेर अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही दिवशी. पाइप सुरेख जळे आणि लवकर संपे. मध्ये थांबायला जागाच नव्हती. तोंडात पाइप असलेला माणूस बोलणार कधी? बाईंनी विषय काढून पाहिले. वालूरच्या शेताचा, ओमप्रकाशच्या बारशाचा. तात्याराव "हं" म्हणत आणि धूर सोडत. शेवटी एके दिवशी बाईंनी थेट विचारलं.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटायची का हो?"

तात्यारावांनी पाइप तोंडातून काढला. "कुणी सांगितलं?"

"असंच. मनात आलं."

"छे. मी धरणावर नोकरी केली. काहीतरीच." आणि पाइप पुन्हा ओठांत गेला. विझला असता तर बरं झालं असतं, पण बाईंचा पाइप विझत नसे.

मग त्यांनी मुद्दाम वाईट भरला. पट्टी ओलीच घेतली, अंगठ्यानं ठासली. चार झुरक्यांत पाइप विझला. बाई काडेपेटी घेऊन वाट बघत राहिल्या. आता ते म्हणतील, विजू, तू ठासलंस. मग आपण म्हणू, मी कशाला ठासू. तात्यारावांनी विझलेल्या पाइपकडं पाहिलं आणि तो स्टुलावर ठेवला.

"राहू दे. दमली असशील तू," ते म्हणाले, अगदी मायेनं.

दुसऱ्या दिवशी पाइप नको म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर बसायलाच आले नाहीत. संध्याकाळी खिडकीजवळ उभे राहून फाटकाकडं बघत, आणि बाई आल्या की घड्याळाकडं बघत. डब्यातल्या पट्ट्या वाळून कडक होत चालल्या होत्या. बाईंनी झाकणाखाली बटाट्याची एक फोड ठेवली, ओल राहावी म्हणून. ती ठेवताना त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पट्ट्या ओल्या कुणाला लागतात?

रविवारी त्या काठावरच्या घरी गेल्या. मुंजाजी अंगणात जाळं पसरून सुईनं भोकं सांधत बसला होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. कुसुमबाईनं चटई टाकली.

"बसा बाईसाब. कामून येनं केलं एवढ्या उन्हाचं?"

"असंच."

"सायब बरे हायेत?" मुंजाजीनं जाळ्याला विचारल्यासारखं विचारलं.

"बरे आहेत. पाइप सोडलाय."

"बरंच झालं. डाक्टर तेच म्हनायला."

"माझ्या हातचा त्यांना चालत नाही, मुंजाजी."

सुई थांबली. कुसुमबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली.

"तुमी भरायलाव व्हय?" मुंजाजी म्हणाला.

"भरून पाहिला. जमत नाही मला." हे वाक्य बाईंनी वाटेत तीनदा म्हणून पाहिलं होतं, तरी तळापर्यंत गेलेला तो पाइप, ती पांढरी राख, सगळं डोळ्यांसमोर आलं. "सैल राहतो. धड जळत नाही."

कुसुमबाईनं बाईंच्या पदराकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं. तिनं तांब्या पुढं ठेवला.

"बाईमानसाला न्हाईच जमायचं ते," मुंजाजी म्हणाला. त्याच्या पाठीचा कणा बघता बघता ताठ झाला. "आंगठ्यात जोर लागतो. पोळीवानी नसतं ते."

"हो," विजयमालाबाई म्हणाल्या.

"माझं बी विझतं कधीमधी. पर ते वाऱ्यानं."

"हो, वारं असतं."

"अन् काड्या वाया जात्यात म्हनले ना सायब? आता पुन्हा यायचं म्हंजी..."

"काड्यांचं मी बघते," बाई म्हणाल्या. "त्याचा जिम्मा माझा."

मुंजाजीनं जाळ्याची गाठ दातानं तोडली. "बघू. सवड झाली तर येतो."

"जाल हो," कुसुमबाई म्हणाली. "सांजच्याला फाटकापर्यंत जाऊन माघारी यायलाव रोज, ते काय सवड न्हाई म्हनून का?"

त्या संध्याकाळी फाटक वाजलं, नळ वाजला. तात्याराव टीव्ही तसाच चालू टाकून ओट्यावर गेले आणि म्हणाले, "जाळं लय मोठं झालं का रे तुझं?"

"समुद्राएवढं, सायब."

बाई चहाचे तीन कप घेऊन आल्या. दोन कप स्टुलावर ठेवले, तिसरा हातात धरून त्या खुर्चीत बसल्या. बोलणं थांबलं. तात्यारावांनी "काय गं?" म्हणायला तोंड उघडलं, पण बाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्या मुंजाजीच्या हाताकडं बघत होत्या. त्यानं डबा उघडला, बटाट्याची फोड बाजूला काढून तिच्याकडं नवलानं पाहिलं, आणि ओली पट्टी तशीच चुरून अंगठ्यानं ठासली. बाईंच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

"काडेपेटी कुठाय?" मुंजाजीनं स्टूल चाचपलं.

ती बाईंच्या मुठीत होती. त्यांनी काडी ओढली, ओंजळीचा आडोसा केला आणि पाइपला लावली. तिन्ही डोकी क्षणभर जवळ आली. चार झुरके झाले.

"मुंजाजी, विझला," तात्याराव म्हणाले. त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता, आणि तो पायरीकडं वळलेला होता. बाईंना ते दिसलं, आणि व्हायची ती जळजळ झालीच.

"वारं हाय, सायब."

"वारं कुठंय? तू ठासलंस. पुरात मी तुझा दंड दाबायचो, तसं." मग त्यांना बाईंची आठवण झाली असावी. ते थांबले, एकवार बायकोकडं पाहिलं. बाई काडी पेटीवर टेकवून तशीच धरून बसल्या.

"लाव की," तात्याराव म्हणाले.

"लावते. आधी पुराचं सांगा."